गलविंग की रोडस्टर?

मर्सिडीजच्या ३०० एसएल या गाडीचे दोन अवतार आहेत. १९५४ ते १९५७ या काळात निघाली ती छताकडे दरवाजे उघडणारी गलविंग, आणि १९५७ ते १९६३ या काळात तिच्या जागी आली ती उघड्या टपाची रोडस्टर. पहिल्या प्रकारच्या १,४०० गाड्या बनल्या, दुसऱ्या प्रकारच्या १,८५८. संग्राहकांमध्ये मोठा मान गलविंगचा. लिलावात बोलीही सहसा तिच्यावरच जास्त चढते. तरीही, गाडी चालवण्यासाठी घ्यायची असेल तर रोडस्टरच घ्यावी, असे माझे मत आहे.

गलविंगच्या दरवाजांवर सगळे लुब्ध होतात, पण ते शोभेसाठी सुचलेले नाहीत. अभियंते रुडॉल्फ उलेनहाउट यांनी १९५२ च्या शर्यतींसाठी बारीक पोलादी नळ्यांचा हलका, भक्कम सांगाडा रचला. त्याच्या बाजू इतक्या उंच आल्या की नेहमीचा दरवाजा बसवायला जागाच उरली नाही. त्या वर्षी ल मां आणि मेक्सिकोतली कारेरा पानामेरिकाना या शर्यती या सांगाड्याच्या गाडीने जिंकल्या आणि पुढे न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांच्या आग्रहाने तिची रस्त्यावरची आवृत्ती निघाली. शर्यतीतल्या तडजोडीही सोबत आल्या. रुंद उंबरठा ओलांडून आत शिरता यावे म्हणून स्टेअरिंग दुमडावे लागते. काचा खाली होत नाहीत, त्यामुळे उन्हात आत उकडते. १३० लिटरची टाकी आणि जादा चाक मागची जागा खातात, म्हणून सामान सीटमागे ठेवायचे. खरी भीती मागच्या ॲक्सलची. त्याच्या भुजा उंचावरच्या सांध्यांवर झुलतात. वेगात वळताना ॲक्सिलरेटर एकदम सोडला की मागचा भाग उचलतो, चाकांचे तळ आत वळतात, टायरची पकड सुटते आणि गाडी मागून फिरते.

रोडस्टरमध्ये सांगाड्याच्या बाजू खाली घेतल्या, साधे दरवाजे बसले, टाकी लहान झाली आणि डिकीत सामानाला जागा मिळाली. ॲक्सलचा सांधाही खाली आणल्यामुळे वळणावरचा धोका बराच कमी झाला. मार्च १९६१ पासून चारही चाकांना डिस्क ब्रेक आले. यावर गलविंगचे चाहते म्हणतील की रोडस्टर जड आहे, आणि शर्यतीचा वारसा गलविंगचाच. दोन्ही खरे आहे. १९५५ च्या मिले मिलिया शर्यतीत जॉन फिच यांनी विक्रीतल्या गलविंगसारखीच गाडी चालवून एकूण पाचवा क्रमांक मिळवला, हे कर्तृत्व रोडस्टरच्या नावावर नाही. ॲल्युमिनियमची बॉडी असलेल्या अवघ्या २९ गलविंगची गोष्टच निराळी. त्या संग्रहालयात शोभतात. पण तो वारसा घडला तो गाडी पळवूनच, आणि तीन लिटरचे इंजिनही तेच मागते. त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. किल्ली बंद केल्यावरही इंजिन पूर्ण थांबेपर्यंत पंप पेट्रोल सोडत राहतो. ते सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल धुऊन खाली उतरते आणि ऑइल पातळ करते. लांब पल्ल्यावर ऑइल नीट तापले तरच ते पेट्रोल उडून जाते. म्हणजे गॅरेजमधून अंगणात आणि अंगणातून परत गॅरेजमध्ये, असे हळुवार जपणेच या इंजिनाला मारक ठरते. मग जी गाडी दूरवर निर्धास्त नेता येते, तीच जास्त जगण्याची शक्यता.

तेव्हा दोन्ही परवडण्याची ऐपत असलेल्यांनाही माझी शिफारस एकच: मार्च १९६१ नंतरची, डिस्क ब्रेकची रोडस्टर शोधा, सांगाड्यावरचा आणि इंजिनावरचा क्रमांक मूळ नोंदीशी ताडून पाहा, आणि घेतल्यावर ती चालवा.