शहराबाहेरचं नवं गाव

मुलांनो, तुम्हांला ताप भरला की आई कपाळावर ओल्या कापडाची पट्टी ठेवते, बाबा डॉक्टरांकडे नेतात. पण ज्याला घरच नाही, गावात ओळखीचं कुणी नाही, असा माणूस आजारी पडला तर?

फार पूर्वी रोमन साम्राज्यात अशांचे भारी हाल होत. वैद्य नव्हते असं नाही हं! श्रीमंतांच्या घरी वैद्य येत, सैनिकांसाठी छावणीत रुग्णालयं असत. पण गरीब परक्याची शुश्रूषा कोण करणार? त्यात साथ आली की बघायलाच नको. इसवी सन २५० च्या सुमाराला अशीच भयंकर साथ पसरली. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात लोकांनी घरच्या आजाऱ्यांनाही रस्त्यावर टाकलं, असं तिथले ख्रिस्ती धर्मप्रमुख, म्हणजे बिशप, डायोनिशियस यांनी पत्रात लिहिलंय. ख्रिस्ती लोक मात्र सेवा करत राहिले. त्यांतले कित्येक स्वतःच दगावले.

पण साथ सरल्यावर काय? रोजच्या आजाऱ्यांसाठी कायमची जागा हवीच ना! ती उभारली बेसिल यांनी.

आजच्या तुर्कस्तानातलं कायसेरी शहर म्हणजे तेव्हाचं सीझरिया. समुद्र दूर, त्यामुळे ३६९ च्या सुमाराला दुष्काळ पडला तेव्हा बाहेरून धान्य येईना. व्यापाऱ्यांनी कोठारं बंद केली. बेसिल यांनी त्यांना खडसावून ती उघडायला लावली आणि मोठमोठ्या कढयांत डाळीचं कालवण शिजवून भुकेल्यांना जेवू घातलं.

३७० मध्ये ते बिशप झाले. मग शहराबाहेर त्यांनी इमारती बांधल्या. तिथे वाटसरूंना मुक्काम मिळे, आजाऱ्यांसाठी वैद्य आणि परिचारक असत. कुष्ठरोग्यांना तेव्हा घरातून हाकलून देत. (आज हा रोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो.) बेसिल स्वतः त्यांना जवळ घेत. त्यांचे मित्र ग्रेगरी यांनी या वस्तीला चक्क ‘नवं शहर’ म्हटलं!

‘देवावर विश्वास असेल तर औषध कशाला?’ अशी शंका काहींना येई. बेसिल यांचं उत्तर सोपं होतं. भूक भागवायला देवानं शेती दिली, अंग झाकायला विणकाम दिलं, तसंच आजारासाठी वैद्यक दिलं.

पुढे रोममध्ये फॅबिओला नावाच्या श्रीमंत बाईंनी आपली मालमत्ता विकून रुग्णालय काढलं. नुसते पैसे देऊन त्या थांबल्या नाहीत. लोकांना बघवत नसत अशा जखमा त्या स्वतःच्या हातांनी धूत.

मुलांनो, त्या काळी इंजेक्शन नव्हतं, सलाईन नव्हतं. पण पोटात अन्न, स्वच्छ अंथरूण आणि उशाशी कुणीतरी असलं की आजाऱ्याला मोठा आधार मिळतो. एवढं तर आपणही करू शकतो, नाही का? वर्गातलं कुणी आठवडाभर आलं नाही, तर वह्या घेऊन त्याच्या घरी जरूर डोकावून या.