आत किती गेले, बाहेर किती आले? कर्नलमधले एन्ट्री आणि रिटर्न प्रोब

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्स कर्नल चालतो. त्यातलं एखादं फंक्शन किती वेळ घेतं, हे चालू सिस्टीममध्येच कसं मोजायचं?

समजा, प्रताप नगरात एक अभ्यासिका आहे. आत जाताना दारावरचा माणूस तुम्हाला वेळ लिहिलेलं टोकन देतो, बाहेर येताना ते परत घेतो. दोन वेळांची वजाबाकी केली की झालं!

कर्नलमधला केरेटप्रोब असंच करतो. फंक्शन सुरू होताच तो परतीचा पत्ता स्वतःकडे जपून ठेवतो आणि त्याच्या जागी ट्रॅम्पोलिनचा पत्ता टाकतो. फंक्शन संपलं की आधी ट्रॅम्पोलिनवर येतं, तुमचा रिटर्न हँडलर चालतो, मग गाडी मूळ पत्त्यावर जाते. ज्यावर हे उभं आहे तो केप्रोब २००२ साली आयबीएमच्या भारतातल्या वंशी कृष्ण एस. यांनी लिहायला घेतला. रिटर्न प्रोब २००५ मध्ये आले.

सुरुवातीची वेळ ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवू नका. एकाच वेळी अनेक कॉल आत असतात, एकाची वेळ दुसऱ्यावर लिहिली जाईल. ती त्या कॉलच्या टोकनवरच, म्हणजे इन्स्टन्सच्या डेटामध्ये ठेवा. एन्ट्री हँडलरनं शून्य सोडून काहीही परत केलं, तर त्या कॉलचा रिटर्न हँडलर चालत नाही. नको ते कॉल असेच गाळता येतात.

आता खरी गोम. टोकन मोजकीच असतात! मॅक्सॲक्टिव्ह दिला नाही तर १० किंवा कोअरच्या दुप्पट, यातला मोठा आकडा. ८ कोअरच्या फोनवर १६. टोकन संपली तरी फंक्शन थांबत नाही, फक्त तो कॉल नोंदला जात नाही. डेटाची वाट बघत झोपणारी फंक्शन्स टोकन धरून बसतात आणि नेमके गर्दीतले कॉल निसटतात. सरासरी मस्त दिसते, पण ती निवांत वेळेची! त्या भरवशावर तुम्ही दोष भलत्याच कोडला देता.

म्हणून निकालाआधी एनमिस्ड बघा. ट्रेसएफएस वापरत असाल तर केप्रोब प्रोफाइल फाइलचा शेवटचा रकाना बघा. तिथे शून्य नसेल, तर मॅक्सॲक्टिव्ह वाढवा आणि पुन्हा मोजा.

भेटू पुढच्या भागात!