विद्युत् हत्यारे, घरगुती : सुरक्षित वापर

लाकूड, धातू, विटा, फरशी इत्यादींवर काम करण्यासाठी हातात धरून वा मेजावर बसवून वापरण्यात येणाऱ्या आणि विद्युत् चलित्रावर (मोटरवर) चालणाऱ्या हत्यारांना विद्युत् हत्यारे म्हणतात. छिद्रे पाडणारे ड्रिल, चक्राकार करवत, शाणन यंत्र (ग्राइंडर) व विजेवर चालणारा रंधा ही घरगुती कामात नेहमी आढळणारी हत्यारे होत. आर्थर जेम्स आर्नॉट व विल्यम ब्रेन यांनी मेलबर्न येथे १८८९ मध्ये विजेवर चालणाऱ्या ड्रिलचे एकस्व (पेटंट) घेतले. १८९५ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्ट येथे फाइन बंधूंनी हातात धरता येईल असे ड्रिल तयार केले. पिस्तुलासारखी मूठ व चापाचा स्विच असलेल्या ड्रिलचे एकस्व अमेरिकेत ब्लॅक व डेकर यांना १९१७ मध्ये मिळाले. आजच्या बहुतेक ड्रिलांची ठेवण तीच आहे.

कारखान्यात अशी हत्यारे शिकलेला कामगार देखरेखीखाली वापरतो. घरी मात्र वापरणारा बहुधा एकटा व अननुभवी असतो. म्हणून नियमांबरोबर त्यांमागील कारणेही त्याला माहीत असणे इष्ट असते.

विजेचे धोके : भारतात घरगुती विद्युत् दाब २३० व्होल्ट असतो. शरीरातून सु. १ मिलिअँपिअर प्रवाह गेल्यास केवळ झिणझिण्या जाणवतात. प्रवाह सु. १० मिलिअँपिअरच्या पुढे गेल्यास हाताचे स्नायू आखडतात व धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह काही काळ टिकल्यास हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. वितळतार (फ्यूज) किंवा एमसीबी मात्र कित्येक अँपिअर प्रवाह झाल्यावरच मंडल तोडते. म्हणजे तिच्यामुळे तारांचे रक्षण होते, माणसाचे नव्हे. माणसाच्या रक्षणासाठी जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांतील ३० मिलिअँपिअरचा फरक ओळखून मंडल तोडणारा स्विच (आरसीसीबी) बसवावा लागतो. तथापि दोन्ही तारांना एकदम स्पर्श झाला व जमिनीकडे गळती झाली नाही, तर हा स्विचही उपयोगी पडत नाही.

धातूचे बाह्यावरण असलेल्या हत्यारास भूसंपर्क (अर्थिंग) आवश्यक असतो. त्याच्या प्लगाची तिसरी पिन काढून टाकणे धोक्याचे आहे. चौकोनात चौकोन असे चिन्ह असलेल्या हत्यारास दुहेरी विद्युत् निरोधन असल्याने भूसंपर्काची गरज नसते. लांब जोडतार (एक्स्टेन्शन) रिळावर गुंडाळलेली ठेवून वापरल्यास उष्णता कोंडून तिचे आवरण वितळते. म्हणून ती पूर्ण उलगडावी. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून काम करू नये.

यांत्रिक धोके : (१) ड्रिल : गिरमिट पत्र्याच्या पलीकडे बाहेर पडताना अडकते आणि पत्राच फिरू लागतो. म्हणून काम शेगड्यात किंवा शिकंज्यात घट्ट धरावे, हाताने धरू नये. सैल बाह्या, पदर, ओढणी, मोकळे केस व हातमोजेही फिरत्या भागात ओढले जातात.

(२) चक्राकार करवत : फळीला फक्त दोन टोकांशी आधार असला, तर कापताना ती मध्ये खचते व पात्यामागील फट मिटते. पाते आवळले जाऊन करवत वेगाने वापरणाऱ्याच्या दिशेने उसळते. यासाठी फळीला कापाच्या जवळ आधार द्यावा आणि कापलेला तुकडा मोकळा खाली पडू द्यावा. करवतीच्या सरळ रेषेत न राहता बाजूला उभे राहावे.

(३) शाणन यंत्र : १०० मिमी. व्यासाची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेत असता तिच्या कडेचा वेग सेकंदाला सु. ५८ मी., म्हणजे ताशी सु. २०० किमी. होतो. फुटलेल्या चकतीचे तुकडे याच वेगाने उडतात. त्यामुळे चकतीवर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी नसावा. संरक्षक आवरण काढून मोठी चकती किंवा लाकूड कापण्याचे दातेरी पाते बसविण्याचा प्रकार आढळतो, तो अत्यंत घातक आहे. पाते लाकडात अडकताच यंत्र हातातून उसळते आणि मध्ये आवरणही नसते.

धूळ व आवाज : लाकडाची धूळ मानवात कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये नमूद केले. काँक्रीट व फरशी कापताना उडणाऱ्या सिलिकेच्या सूक्ष्म कणांमुळे फुप्फुसांचा सिलिकामयता हा रोग होतो. साध्या रुमालाने हे कण अडत नाहीत; योग्य प्रतीचा श्वसनरक्षक वापरावा. डोळ्यांना बाजूंनीही झाकणारा चष्मा आणि कानांना बोळे वा कर्णाच्छादन असावे.

पाते बदलण्यापूर्वी स्विच बंद करणे पुरेसे नसते. प्लग किंवा विद्युत् घटमाला काढून घ्यावी. हत्यार खाली ठेवण्याआधी ते पूर्ण थांबू द्यावे. विजेचा धक्का बसलेल्या व्यक्तीस प्रवाह तोडल्याशिवाय स्पर्श करू नये. बोट तुटल्यास जखमेवर दाब द्यावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात व नंतर बंद पिशवीत घालून ती पिशवी बर्फात ठेवावी व रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे.