बाटली उलटी करून बघा!

चेहऱ्यावर रोज काहीतरी नवं ट्राय करताय? मग जाहिरात राहू द्या बाजूला. आधी मागचं लेबल वाचा.

मुळशी तालुक्यातल्या ज्या माण-हिंजवडीत एकेकाळी भातखाचरं होती, तिथं आज आयटी पार्क आहे. दिवसभर एसी, संध्याकाळी टू-व्हीलरवर धूळ आणि धूर. अशा रुटीनमध्ये चेहऱ्याची काळजी घ्यावीशी वाटली तर नवल नाही. मुलंही यात मागे नाहीत बरं! पीजीतल्या आरशासमोर फेसवॉश, टोनर, सिरम, सनस्क्रीन अशी रांगच लागते. 'माझ्या रूममेटला मस्त रिझल्ट आला' एवढं ऐकलं की ऑर्डर गेलीच. पण त्या बाटलीत आहे काय, हे विचारतं कोण?

अकोल्यात काय झालं?

हे विचारायलाच हवं, कारण २०२३ च्या सुरुवातीला समोर आलेली अकोल्याची घटना. बायोटेक्नॉलॉजी शिकणाऱ्या एका तरुणीनं गोरं होण्यासाठी ब्यूटिशियनकडून क्रीम घेतलं. चेहरा उजळला, लोक कौतुक करू लागले. मग आई आणि बहीणही तेच क्रीम लावू लागल्या. काही महिन्यांत तिघींनाही किडनीचा विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर क्रीममध्ये पारा सापडला.

पारा गोरं कसा करतो? त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार व्हायला एक एन्झाइम लागतं. पारा तेच अडवतो. पण तो त्वचेतून रक्तात शिरतो आणि तिथून किडनीत. लघवीला फेस येणं, पाय आणि चेहरा सुजणं ही लक्षणं दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असू शकतं. केरळच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका विशिष्ट किडनी विकाराचे १५ रुग्ण होते. त्यातले १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते.

आपल्याकडच्या २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार, डोळ्यांभोवती लावायची प्रसाधनं सोडली तर नकळत आलेला पाराही दहा लाखांत एक भाग, यापेक्षा जास्त चालत नाही. प्रश्न नियमाचा नाहीच. प्रश्न आहे बिननावाच्या डबीचा. अकोला लांब वाटतं? कुरिअर पौडलाही येतं आणि पिरंगुटलाही!

लेबलचा फंडा

घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते. म्हणून बहुतेक सिरममध्ये पहिलं नाव पाण्याचं. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी, कुठल्याही क्रमानं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'केशर' आणि मागे केशर अगदी तळाला, तर पैसे कशाचे मोजताय ते तुम्हीच ठरवा.

'फ्रॅग्रन्स' या एका शब्दामागे अनेक सुगंधी द्रव्यं असू शकतात. त्वचा नाजूक असेल तर सुगंध नसलेलं घ्या.

आणि 'पॅराबेन-फ्री' वाचून लगेच खूश होऊ नका. पाणी असलेली वस्तू टिकवायला प्रिझर्व्हेटिव्ह लागतंच. पॅराबेन काढलं तर दुसरं काहीतरी येतं. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे त्यातलं एक. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये त्याला 'वर्षातला अ‍ॅलर्जन' ठरवलं. त्याच संघटनेनं २०१९ मध्ये पॅराबेनला मात्र 'अ‍ॅलर्जन नसलेला' म्हणून निवडलं! नाव अवघड म्हणजे वाईट, असं समीकरण नसतं.

उलट 'घरचं ते चांगलंच' हेही खरं नाही. लिंबाचा रस चोळून उन्हात बाइकवर निघालात, तर रस आणि ऊन मिळून भाजल्यासारखे काळे डाग पडू शकतात. बेसन-दह्याच्या लेपात लिंबू पिळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मेडिकलवालं क्रीम

'मेडिकलमधून एक ट्यूब आण, चार दिवसांत फरक पडतो,' हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. त्या ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावलं तर त्वचा पातळ होते, लाल पडते, पुरळ उठतं, नको तिथं केस येतात. थांबवलं की चेहरा आणखी भडकतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. २०१८ पासून अशी क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तुम्हीही चिठ्ठीशिवाय मागू नका.

ट्रायल घ्या, पण अशी

• एका वेळी एकच नवी वस्तू. तीन एकदम सुरू केल्या तर पुरळ कशानं आलं ते कळणार कसं?
• आधी कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेत, दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावा. काही झालं नाही तरच चेहऱ्यावर. फेसवॉश असेल तर एरवीइतकाच वेळ ठेवून धुवा.
• गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉल टाळा.
• सनस्क्रीन घेताना एसपीएफबरोबर 'पीए' पुढची अधिकची चिन्हंही बघा. एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीचं सांगतो, पीए यूव्हीएचं.
• उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि घटक हवेतच. इम्पोर्टेड असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांकही.
• 'सोन्या-चांदीला लागू देऊ नका' अशी सूचना दिसली तर सावध! पारा सोन्याशी मिसळतो. जे मंगळसूत्राला चालत नाही ते गालाला कसं चालेल?
• शंका आली तर वापर थांबवा, डबी फेकू नका. डॉक्टरांना दाखवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

चांगल्या घटकांना वेळ लागतो. नायसिनामाइडसारख्या साध्या घटकाचा परिणाम दिसायलाही आठवडे जातात. म्हणून आठ दिवसांत उजळणारी, नाव-पत्ता नसलेली डबी कुणी हातात ठेवली, तर 'केवढ्याला?' हा प्रश्न नंतर. आधी विचारा, 'यात आहे काय?' उत्तर मिळालं नाही, तर सरळ परत द्या.