राहू बेटाचा उकिरडा

पुणे शहर ओलांडून येणारी मुळा-मुठा आणि उत्तरेकडून येणारी भीमा दौंड तालुक्यात एकमेकींच्या जवळ सरकतात आणि वाळकी-पारगावच्या अंगाला एक होतात. दोघींच्या मधल्या काळ्या रानाला सगळे राहू बेट म्हणतात. समुद्र नाही, पण दोन बाजूंना पाणी आणि मध्ये ऊस. भीमेपलीकडे शिरूर तालुका लागतो. रांजणगाव सांडस, वडगाव रासाई, मांडवगण फराटा, तिथेही ऊसच. बेटात पाटेठाणला साखर कारखाना आहे आणि रस्त्याने जाताना गुऱ्हाळांचे धुराडे मोजायला लागलं तर मोजणं सोडून द्यावं लागतं. म्हणजे इथला बहुतेक कचरा उसाचा. तो जिरवायच्या वाटाही उसाच्या पट्ट्याने जुन्या काळापासून शोधून ठेवल्या आहेत. तरी हंगामात संध्याकाळी धुराचे पट्टे दिसतात, कारण या कचऱ्याबद्दल काही समज पक्के बसले आहेत.

“पाचट पेटवलं की रान मोकळं होतं, वर राखेचं खतही मिळतं.”

सगळ्यात टिकाऊ समज हाच, आणि तो टिकला याचं कारण त्यात थोडं खरं आहे. राखेत पालाश उरतो. बाकीचं जातं. एक हेक्टर ऊस तुटला की मागे वाळल्या पानांचं ८ ते १० टन पाचट राहतं. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र, त्याहून कमी स्फुरद, एक टक्क्याच्या आसपास पालाश आणि तिसऱ्या हिश्शाइतका सेंद्रिय कर्ब असतो. म्हणजे दहा टनांत ४० ते ५० किलो नत्र. काडी लावली की हे नत्र आणि कर्ब हवेत जातात. राहिलेली राख वाऱ्याने आणि पहिल्या पाण्याने निम्मीशिम्मी हलते. पुढच्या आठवड्यात तोच शेतकरी युरियाची गोणी आणायला दुकानात उभा असतो.

“पाचट ठेवलं होतं, खोडवा पिवळा पडला,” तुटल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणाऱ्या पिकाबद्दलची, म्हणजे खोडव्याबद्दलची, ही तक्रार मात्र खोटी नसते. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र थोडं. ते कुजवणारे जिवाणू सुरुवातीला आपल्या गरजेचं नत्र मातीतून उचलतात आणि पीक उपाशी राहतं. म्हणून शिफारस अशी की, एक टन पाचटामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक पसरून टाकायचं आणि पाणी द्यायचं. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून उसावर काम करत आहेत. ही शिफारस आता कुठल्याही ऊस मेळाव्यात ऐकायला मिळते. युरिया न टाकता नुसतं पाचट पसरायचं आणि मग खापर पाचटावर फोडायचं, हे मात्र चालूच आहे.

दुसरी शंका फुटव्यांची. बुडख्यांवर पाचटाचा थर राहिला तर कोंब अडतात, हे बरोबर. त्यासाठी बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढायचं, बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटायचे आणि खत पहारीने भोक पाडून मुळाशी द्यायचं. खोडव्याला मग नांगरट नको, भरणी नको, खुरपणीही जवळजवळ नको, कारण पाचटाखाली तण उगवत नाही. ओल जास्त दिवस टिकते, म्हणून पाण्याच्या पाळ्या लांबवता येतात. साडेतीन-चार महिन्यांत पाचट मातीत मिसळू लागतं. उंदीर होतात का? होतात. ते बांधावरच्या गवतातही होतात, बांध कोणी पेटवत नाही.

तोडीआधी उभा फड पेटवायचा प्रकार वेगळा. तो मजुरांच्या सोयीसाठी किंवा तोड लवकर मिळावी म्हणून होतो. जळालेल्या उसाचं वजन घटतं, साखर उतरते, तो लगेच गाळावा लागतो आणि कारखाना दरात कपात करतो. शिवाय उसाच्या शेंड्याचं वाढं जळतं, म्हणजे जनावरांचा फुकटचा चाराही गेला.

“चुलवाणात काही टाका, गूळ तर काहिलीत असतो.”

गुऱ्हाळाची मूळ रचना फार शहाणी आहे. चरकातून रस निघाला की चिपाड उरतं, ते अंगणात वाळतं, काहिलीखालच्या चुलवाणात जातं आणि त्याच रसाचा गूळ करतं. बाहेरचं जळण लागू नये, असाच हिशोब. तो बिघडतो दोन ठिकाणी. चुलवाण जुनं असेल तर उष्णता धुराड्यातून निघून जाते आणि चिपाड पुरत नाही. आणि गुऱ्हाळ बारमाही झालं की पावसाळ्यात चिपाड वाळत नाही. मग जुने टायर, चपलांच्या तळव्यांचं भंगार, प्लास्टिकचे गठ्ठे ट्रकने येऊ लागतात. दौंड तालुक्यात याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्या आहेत.

रस आटवायची काहील उघडी असते. धुरातली काजळी रसावर बसायला वेगळा रस्ता लागत नाही. क्लोरीन असलेलं प्लास्टिक अर्धवट जळलं तर डायऑक्सिनसारखी अतिविषारी द्रव्यं तयार होतात. ती धुराबरोबर शेजारच्या वस्तीवर आणि चाऱ्यावर उतरतात, गुरांच्या चरबीत साठतात आणि दुधातून परत घरात येतात. राखेचंही तसंच. चिपाडाची राख रानात टाकणं चांगलं. रंगीत प्लास्टिकच्या राखेत शिसं, कॅडमियम असू शकतं, ती टाकणं म्हणजे मातीचं कायमचं नुकसान. वाळलेल्या चिपाडासाठी पत्र्याची एक शेड आणि दुरुस्त चुलवाण, एवढा खर्च या सगळ्यापेक्षा कमीच पडेल असं मला वाटतं. पण भंगार जवळजवळ फुकट मिळतं, तिथे शेडचा विषय मागे पडतो.

“कारखान्यातून निघतं ते सगळं विष,” आणि त्याच्या उलट, “कारखान्यातून निघतं ते सगळं खत.”

एकाच गावात दोन्ही ऐकू येतात. शंभर टन ऊस गाळला की २८-३० टन ओलं बगॅस (म्हणजे चिपाडच), ३-४ टन प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) आणि ४ टनांच्या आसपास मोलॅसिस निघतं. बगॅस बॉयलरमध्ये जातं, त्यावर कारखाना चालतो आणि सहवीजनिर्मिती असेल तर वीज विकलीही जाते. प्रेसमड उत्तम खत आहे, पण कुजल्यावर. ताजं टाकलं तर ते रानात तापतं आणि मुळं भाजतात.

अडचण मोलॅसिसपासून अल्कोहोल करणाऱ्या आसवनीच्या स्पेंटवॉशची. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण दहा लिटर हे तांबडं-काळं पाणी निघतं. पाण्यातला प्राणवायू खाण्याची त्याची ताकद घरगुती सांडपाण्याच्या शंभरपटीहून जास्त असते, त्यामुळे ते ओढ्यात गेलं की मासे मरतात. विहिरीत झिरपलं तर विहीर गेलीच. “यात पालाश आहे” हे वाक्य तरीही खरं आहे. म्हणून ते आटवून प्रेसमडबरोबर कंपोस्ट करतात किंवा खास बॉयलरमध्ये जाळतात. त्या राखेपासून दाणेदार पालाश खत होतं. केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये ते अनुदानाच्या यादीत घेतलं. त्यात किमान साडेचौदा टक्के पालाश असावा लागतो. आपण पोटॅश जवळजवळ सगळं आयात करतो, हे लक्षात घेतलं तर ही राख साधी गोष्ट नाही.

“घाण पुण्याची आहे, आपण काय करणार?”

मुळा-मुठेतून शहराचं सांडपाणी आणि जलपर्णी बेटापर्यंत येते, यात वाद नाही. पण नदी इथे थांबत नाही. भीमा पुढे दौंड गाठते, तिथून उजनीचा फुगवटा लागतो आणि त्या धरणाचं पाणी सोलापूर पितं. बेटातल्या ओढ्यात लोटलेली पिशवी सोलापूरच्या दृष्टीने पुण्याच्या पिशवीहून वेगळी नसते. जलपर्णी काढून काठावर ढीग घातले की काम झालं, हाही समजच. तिच्या वाढीला खत पुरवणारं सांडपाणी येत राहिलं की ती परत पसरते.

शिरूर तालुक्यातल्याच दुसऱ्या रांजणगावच्या एमआयडीसीत महाराष्ट्र एन्व्हायरो पॉवरचा मोठा प्रकल्प आहे, तो गावांचाही कचरा घेईल असं काहींना वाटतं. तो कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी आहे. गावाच्या पिशव्या तिथे जात नाहीत.

“गावाला कसली घंटागाडी? उकिरडा आहे की.”

शेण, राख, भाजीचे देठ, गव्हाणीतली उष्टी वैरण जात होती तोवर उकिरडा हे खतघरच होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, विटांची दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच हवेशीर टाकी बसवून त्याला शिस्त लावली. आता त्याच खड्ड्यात गुटख्याच्या पुड्या आणि डायपर पडतात आणि खत उचलताना अर्धं रान पिशव्यांनी भरतं. उघड्यावर कचरा जाळल्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच ५,००० रुपये दंड ठरवला, मोठ्या ढिगासाठी २५,०००. तो भरलेला माणूस गावात शोधून सापडणार नाही.

शिरूरच्या उत्तर भागात या ढिगाला आणखी एक बाजू आहे. उष्टं आणि कोंबड्यांची आतडी गावठाणाच्या कडेला पडली की मोकाट कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे उसातला बिबट्या येतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली तेव्हा चर्चा पिंजऱ्यांची आणि नसबंदीची झाली. ती व्हायलाच हवी होती. कोंबडीच्या आतड्यांवर मात्र फारसं कोणी बोललं नाही.

पैसा नाही, हेही पुरतं खरं नाही. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत, त्याहून मोठ्या गावाला ४५ रुपयांपर्यंत आणि तालुक्याच्या प्लास्टिक केंद्राला १६ लाखांपर्यंत तरतूद आहे. शेड उभी राहते, पण तिथवर सुकं प्लास्टिक वेगळं पोचत नाही. ठिबकच्या फाटक्या नळ्या भंगारवाला आनंदाने वजनावर घेतो. मातीने माखलेला मल्चिंग पेपर घेत नाही, तो बांधावर पेटतो. आणि औषधांच्या बाटल्या तीनदा धुऊन, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतून, भोक पाडून वेगळ्या ठेवायच्या असतात. त्या दिसतात विहिरीच्या कठड्यावर, झाकणासकट.