पुंगळीचे आयुष्य

गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या घरी दिवाळीच्या आधी पितळेची सगळी भांडी अंगणात काढली जात. चिंचेचा कोळ आणि राख लावून ती घासली की उन्हात नजर ठरत नसे. अशाच एका दिवाळीला एक घागर बाहेर आली, तेव्हा तिच्या गळ्याला उभी चीर गेलेली दिसली. घागर कुणाच्या हातून पडलेली नव्हती. उन्हाळ्यात दारावर आलेल्या तांबटाकडून तिचे पोचे काढून घेतले होते आणि त्यानंतर पावसाळाभर ती गोठ्याच्या माळ्यावर पालथी पडून होती. आजोबांनी निकाल दिला, तांबटाने नको तिथे ठोकून पत्रा फोडला. त्याचे निम्मे पैसे सुगीनंतर द्यायचे ठरले होते, ते दिले गेले नाहीत. तो मागायला आला तेव्हा आजोबांनी चीर दाखवली. त्याने घागर हातात घेतली, चिरेवरून अंगठा फिरवला, "मालक, हे माझ्या हातोड्याचं नाही," एवढेच म्हणाला आणि गेला.

पुढे परभणीला कॉलेजात असताना एन.सी.सी.त रायफल हाती आली. पाच गोळ्या झाडायला मिळत आणि झाडून झाल्या की गवतात हात घालून पाच पुंगळ्या शोधून द्याव्या लागत. हवालदार त्या मोजून घेत. एकदा मी त्यांना विचारले, "सर, ही पुंगळी पुन्हा भरता येते का?" ते म्हणाले, "ही नाही येत. मोठ्या रायफलची येते. पण किती वेळा, ते पितळ ठरवतं."

घागरीचा आणि पुंगळीचा प्रश्न एकच आहे, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, त्यामुळे पुंगळ्या भरण्याचा छंद आपल्याकडे घरोघरी असण्याचा प्रश्न नाही. परदेशात मात्र लांब पल्ल्याची नेमबाजी करणारे आणि परवानाधारक शिकारी पुंगळ्या पुन्हा भरून वापरतात आणि एक पुंगळी किती वेळा चालते यावर त्यांच्यात कायम वाद असतो. तो वाद समजून घेतला की पितळ नावाच्या धातूचा स्वभाव कळतो.

काडतुसाचे भाग चार : पुढची गोळी, आतली दारू, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी म्हणजे प्रायमर, आणि या तिघांना एकत्र धरणारी पितळेची पुंगळी. एन.सी.सी.त वापरली जाणारी 'पॉइंट टू टू' ही या जातीतली धाकटी. तिला वेगळी टोपी नसते. ठिणगीचे रसायन बुडाच्या दुमडलेल्या काठातच भरलेले असते आणि रायफलची पिन तो काठ चेचते. चेचलेला काठ पुन्हा भरता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, ते याच जातीच्या काडतुसावर. त्या प्रत्येक पुंगळीचे आयुष्य एका बाराचे.

मोठ्या रायफलच्या पुंगळीला बुडाच्या मध्यभागी खळगा असतो आणि त्यात टोपी घट्ट बसवलेली असते. उडालेली टोपी काढून नवी बसवता येते, म्हणून ही पुंगळी पुन्हा वापरता येते. पण तिला जो दाब सोसावा लागतो, तो पाहिला पाहिजे. स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोच्या दाबाला उडते. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेल्या थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाला युरोपीय मानकाने दिलेली मर्यादा आहे ३,६५० बार. त्यानंतर आलेल्या ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाच्या नागरी जुळ्या भावाला, म्हणजे 'थ्री-नॉट-एट'ला, ही मर्यादा ४,१५० बार आहे. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे सव्वाचार टन. हा दाब सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरता असतो, पण तेवढ्यात पुंगळीला दोन कामे करायची असतात. फुगून नळीच्या खोबणीला घट्ट चिकटायचे, म्हणजे पेटलेला वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. आणि लगेच किंचित आकसायचे, म्हणजे ती बाहेर ओढता येते. लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम यांची तुलना करत माणूस जिथे येऊन थांबला, तो धातू म्हणजे ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्ताचे पितळ. ते ताणले तर फाटत नाही आणि सोडले तर थोडे मागे येते.

मात्र 'थोडे मागे येते' यातच पुंगळीचे मरण आहे, कारण ती पूर्ण मागे येत नाही. हे मरण तीन ठिकाणी येते.

पहिले, गळ्याशी. दर बाराला गळा फुगतो, पुन्हा भरताना तो साच्यात दाबून लहान करावा लागतो, मग त्यात नवी गोळी बसते. धातूची तार एकाच जागी वाकवत राहिलो तर ती आधी ताठ होते आणि मग तुटते. गळ्याचेही तसेच होते. फुगणे आणि दाबले जाणे यांत पितळ कडक होत जाते आणि एके दिवशी गळ्याला उभी चीर जाते. ही चीर डोळ्यांना दिसते, पुंगळी टाकून देता येते, म्हणून हे मरण त्यातल्या त्यात सौम्य.

दुसरे, बुडाच्या थोडे वर. बार होताना पुंगळीची पातळ भिंत खोबणीला चिकटून बसते, पण जाड बूड मागे रेटले जाते. मधला पट्टा ताणला जाऊन पातळ होतो. थ्री-नॉट-थ्री रायफलमध्ये हे फार होते, कारण तिच्या बोल्टला अडवणारे खुंट मागच्या बाजूला आहेत. बारासरशी अख्खा बोल्ट किंचित दबतो आणि तेवढी जागा पुंगळीला ताणून भरावी लागते. त्यात लढाईच्या धुळीचिखलातही काडतूस आत जावे म्हणून तिची खोबणी सैल ठेवलेली असते. त्यामुळे निष्काळजीपणे भरलेल्या पुंगळीचे बूड चार-पाच वेळांतच धडापासून सुटू शकते. जाणकार वाकवलेली बारीक तार आत घालून भिंतीवरून फिरवतात. तार खाचेत अडखळली की पुंगळी संपली असे समजायचे.

तिसरे मरण टोपीच्या खळग्याचे. जास्त दाबाच्या काडतुसात हेच आधी येते. दाब मर्यादेच्या टोकाशी असेल तर जाड बूडही हळूहळू पसरते, खळगा रुंदावतो आणि टोपी सैल बसू लागते. सैल टोपीच्या फटीतून वायू मागे येतो. गळा मऊ करता येतो, भिंतीचा ताण नीट मापाने भरून आटोक्यात ठेवता येतो. पण पसरलेले बूड पूर्ववत होत नाही. म्हणून बेताच्या दाबावर जी पुंगळी वीस-पंचवीस वेळा चालते, तीच टोकाच्या दाबावर पाच-सहा वेळांत निकामी होऊ शकते. 'किती वेळा' या प्रश्नाला एकच आकडा नाही तो यामुळे. पितळ बार मोजत नाही. आपण दर वेळी किती ताणले गेलो, एवढेच ते लक्षात ठेवते.

गळा मऊ करण्याची युक्ती मात्र तांबटाच्या भट्टीतलीच आहे. तांब्यापितळेचा पत्रा ठोकत गेले की तो कडक होतो. मग तांबट तो विस्तवात घालतो, मऊ करून घेतो आणि पुन्हा ठोकायला बसतो. लोहार तापलेले पोलाद पाण्यात बुडवतो ते कडक होण्यासाठी. पितळेचे तसे नाही, तापवून पाण्यात बुडवले काय की हवेवर ठेवले काय, ते मऊच राहते. खडकीच्या १८६९ सालच्या दारूगोळा कारखान्यापासून जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावपर्यंत, कारखाना कोणताही असो, पुंगळी अशीच घडते. पितळेच्या चकतीची वाटी, वाटीची नळी, आणि मध्ये मध्ये तापवून मऊ करणे. शेवटी फक्त गळा तापवतात. बूड मुद्दाम कडक ठेवलेले असते, म्हणून लष्करी पुंगळ्यांच्या गळ्याला पुष्कळदा निळसर-तपकिरी झाक दिसते. जुनी पुंगळी पुन्हा भरणाराही तेच करतो. बूड थंड ठेवायचे आणि गळा तेवढा तापवायचा. चुकून बूड तापले तर पुंगळीचे आयुष्य वाढत नाही, तिथेच संपते.

हे सगळे पुंगळी वापरल्यामुळे होते. पण पितळ न वापरताही मरते आणि ती गोष्ट आपल्याच देशातली आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश लष्करापुढे एक कोडे पडले. कोठारात ठेवलेली, एकदाही न झाडलेली काडतुसे पावसाळा संपेपर्यंत तडकलेली सापडत. तडा जाई तो नेमका गळ्याला, जिथे पितळ गोळीवर आवळलेले असे. ऋतूशी नाते दिसले म्हणून इंग्रजीत या दोषाला 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडले. खरे कारण १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुढे आले. कारण होते अमोनिया. काडतुसे घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतापासून अमोनिया तयार होई, पावसाळ्यातल्या दमट हवेत तो पितळेवरच्या ओलाव्यात विरघळे आणि धातूच्या कणाकणांमधल्या सीमा पोखरत जाई. ज्या पितळेच्या पोटात आधीच ताण आहे, ते मग आपल्याच ताणाने उकलते. दमट हवा, अमोनिया आणि ताण, यांतले एक जरी नसेल तरी तडा जात नाही. पावसाळा टाळता येत नाही, पागा लांब नेता येते आणि ताणही काढता येतो. घडवून झालेले पितळ सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत हलके तापवले की आतला ताण निघून जातो आणि कडकपणा बराचसा टिकतो.

हे वाचले तेव्हा मला पागा दिसली नाही, आमचा गोठा दिसला. चार बैल, दोन म्हशी, भिंतीतून झिरपणारा पाऊस आणि वर माळ्यावर पालथी घागर. तांबटाने पोचे काढले तेव्हा पत्र्यात ताण राहिला होता, हे खरे. हातोडा चालला की ताण राहतोच, तो प्रत्येक ठोकलेल्या भांड्यात असतो. पण त्या ताणाने एकट्याने घागर फुटली नसती. तिला गोठ्यावर ठेवले होते ते आम्ही. त्याच माळ्यावर शेजारी तांब्याचा हंडा होता आणि पोचे त्याचेही काढलेले होते. तो धड राहिला, कारण हा रोग पितळेला जसा लागतो तसा शुद्ध तांब्याला सहसा लागत नाही. पुरावा डोळ्यांसमोर होता, पण तो वाचता येणारा माणूस घरात एकही नव्हता. वाचता येत होते ते फक्त त्या तांबटाला. त्याला अमोनियाचे नाव ठाऊक नसेल. हातोड्याची चीर कशी दिसते, हे त्याच्या अंगठ्याला ठाऊक होते.

पुंगळी भरणारे जाणते लोक एक शिस्त पाळतात. एका पेटीतल्या पुंगळ्या एकत्र ठेवायच्या, किती वेळा भरल्या, कधी तापवल्या, पहिली चीर कोणत्या बाराला गेली, हे लिहून ठेवायचे; आणि अमोनिया असलेली पॉलिश त्यांना लावायची नाही. एक पुंगळी गळ्याशी तडकली तर उरलेल्याही संशयाने तपासायच्या, कारण त्या सगळ्यांनी सारखेच सोसलेले असते. ज्याच्या गालाशी रायफल टेकलेली असते, त्याच्यासाठी ही नोंद हौस नसते.

आपण 'पितळ उघडे पडले' म्हणतो ते मुलामा उडाल्यावर. आमच्या घागरीला मुलामा नव्हता. तिच्या चिरेतून उघडे पडले ते आमच्या न्यायाचे पितळ. घागर अजून आहे. माळ्यावरून उतरवून आता ती देवघराच्या कोपऱ्यात ठेवली आहे. दिवाळीला मी ती स्वतः घासतो. चीर तेवढीच आहे, वाढलेली नाही, कारण आता गोठा नाही. तांबटाचे पैसे मात्र द्यायचे राहिले ते राहिलेच.