एक संगणक, चार विद्यार्थी



"एका संगणकावर चार मुले का बसवता?" असे पालक सभेत विचारले जाते. संगणक कमी आहेत, हे खरेच. पण कारण तेवढेच नाही.

१९९९ साली डॉ. सुगत मित्रा यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात एका भिंतीत संगणक बसवला. शेजारच्या वस्तीतील मुले शिक्षकाविना, एकमेकांचे पाहून तो चालवायला शिकली.

आमची मात्र सुरुवातीला चूक झाली. गट केले, पण माउस एकाच मुलाच्या हाती राहिला. मुली मागे उभ्या राहून पाहत. म्हणून आता नियम केला आहे. एकाने टंकलेखन करायचे, दुसऱ्याने मजकूर सांगायचा, तिसऱ्याने शुद्धलेखन तपासायचे, चौथ्याने वहीत नोंद ठेवायची. दर दहा मिनिटांनी जागा बदलायच्या.

टंकलेखन आम्ही 'इनस्क्रिप्ट' पद्धतीने शिकवतो. भारतीय लिपींसाठी तिची मांडणी सारखीच असते. ज्या कळीवर मराठी व हिंदीचा 'क', तिच्यावरच तेलुगूचाही 'क'. आपल्या आदिलाबादच्या मुलांना तिन्ही भाषा लागतात. म्हणून प्रत्येक गटात तेलुगू चांगली येणारा एक व मराठी चांगली येणारा एक विद्यार्थी असतो. एक अडला की दुसरा सांगतो.

पालकांना विनंती, घरी मुलांकडून आजी-आजोबांना एखादा निरोप इंग्रजी अक्षरांत नव्हे, देवनागरीत लिहून घ्यावा. धाकट्या भावंडांनाही शेजारी बसवावे.